अक्षर

करावे गावात, व्यायामशाळेच्या वर,
लोखंडी जिन्याच्या शेवटच्या पायरीला
चपला काढा, अशी पाटी आहे.
खाली कुणीतरी डंबेल टाकतं
आणि वर काचेतली मडकी
किंचित शहारतात.

संग्रहालय म्हणजे दीड खोली.
तिकीट नाही. पंखा पाहुणे आले की लावतात.
प्रणाली मढवी, बी.कॉम.चं शेवटचं वर्ष,
चारपर्यंत इथे बसते, मग शिकवण्या घेते.
मी म्हणालो, सेक्टरातून आलो.
कुठल्या, ते तिने विचारलं नाही.
तिच्या मागच्या नकाशात सेक्टर नव्हतेच.
आगरं होती, नावानिशी :
थोरलं, वाकडं, सुनेचं, भांडणाचं.

मी बोटाने खाडी शोधली,
खाडीवरून उघाडी, उघाडीपासून बांध,
बांध धरून चालत गेलो
तर माझं स्वयंपाकघर
सुनेच्या आगराच्या मधोमध निघालं.
रोज सकाळी तिथे मी चहा करतो
आणि डब्यातलं मीठ
पाणी सुटून घट्ट झालंय म्हणून कुरकुरतो.

फावडं, दांडा एका माणसाच्या मुठीपुरता झिजलेला.
रात्या भाताची लोंबी, सेलोटेपने चिकटवलेली.
धवलारीण हिराबाय : फोटोत तोंड उघडं,
गाणं बाहेर राहिलेलं.
हिरव्या काचांचा चष्मा,
एक काडी सुतळीची.

आणि शेवटच्या काचेत, ट्यूबलाइटखाली,
एक नोटीस.

वाचावी लागली नाही. ळ दिसला.
त्या ळची शेपटी डावीकडे वळून
स्वतःलाच गाठ मारते.
गुरुजींच्या छड्यांनीही ती सुटली नव्हती.
मिळकत. मिळणारा मोबदला. सकाळी अकरा वाजता.

एकवीस वर्षांचा होतो. टेबलाचा एक पाय आखूड.
दिवसाला चाळीस नोटिसा, कार्बन घालून तीन प्रती,
गट नंबर, क्षेत्र, बापाचं नाव,
आणि खाली ठरलेली ओळ :
घर बंद असल्याने दारावर डकवून बजावली.
ती आम्ही आधीच लिहून ठेवत असू.
वेळ वाचायचा.

काचेतल्या कार्डावर टाइप केलेलं :
'त्या दिवशी घर उघडंच होतं. माणसं आगरावर होती.'
कागदाच्या चारही कोपऱ्यांना
शितांचे पिवळे डाग.
शिपायाने भात कुणाच्या चुलीवरून घेतला,
ते कार्डावर नाही.

निघताना तिने अभिप्रायाची वही पुढे केली.
नाव, गाव, फोन, वेळ.
मी लिहिलं, सकाळ,
आणि पुसता येत नाही हे नंतर आठवलं.

ती वहीकडे बघत राहिली.
'अक्षर काय भारी आहे हो, काका.
फ्लेक्सवाल्याने आमच्या पाट्यांची वाट लावलीय.
हाताने द्याल का लिहून?'

सांगता आलं असतं तेव्हा.
खाली डंबेल पडलं.
मी खुर्ची ओढली.

ती सांगू लागली,
'चष्मा, पोशा मढवी यांचा.
मिठाच्या झलीनं डोले गेले.'
मी लिहिलं : झळीनं. डोळे.

ती वाकली. पाहिलं.
जरा जास्तच वेळ पाहिलं, की मला तसं वाटलं.
मग म्हणाली, 'ळ नको, काका.
आमच्यात ल म्हणतात.
ज्याने जसं सांगितलं तसंच लिहायचं,
असं ठरलंय.'

कार्ड फाडलं. दुसरं घेतलं.
हात सवयीने वळायला निघाला,
मी त्याला मध्येच उभा केला.
सत्तरी ओलांडलेल्या माणसाला
एक ल काढायला लागू नये
एवढा वेळ लागला.

अजून चौदा कार्डं कोरी होती.
तिने पंखा एकने वाढवला,
मग कार्डं उडायला लागली म्हणून
पुन्हा कमी केला.